काडेपेटीतून बाहेर डोकावणारी काडी

मित्रांनो, नॉर्वेच्या उंच पठारावर वाटसरूंसाठी एक लाकडी निवारा आहे. त्यातली मी जुनी बिडाची शेगडी. माझ्या दाराला चीर गेली आहे, एक पाय बदललेला आहे. तरी पोटात सुके लाकूड पडले की मी अजून धगधगते.

समुद्रकाठच्या ओतशाळेत माझा जन्म झाला आणि घोड्याच्या घसरगाडीवरून मी इथे आले. या निवाऱ्याला राखणदार नाही. कोणीही यावे, कोठीतले डबे उघडून जेवावे, झोपावे. मात्र निघण्यापूर्वी माझ्याजवळची सरपणाची पेटी भरावी आणि माझ्या पोटात भूर्जाची साल व बारीक ढलप्या रचून ठेवाव्यात. काडेपेटी अर्धी उघडी ठेवून एक काडी बाहेर काढून ठेवावी, कारण गारठलेल्या बोटांनी काडेपेटी उघडत नाही. इथली माणसे मितभाषी. बसमध्ये शेजारी बसली तरी बोलायची नाहीत. त्यांची आपुलकी मला त्या रचलेल्या ढलप्यांतच भेटत आली. उन्हाळ्यात माझी आठवण कोणाला नसते. तेव्हा माझ्या पोटात संत्र्यांच्या साली टाकतात. तेही मी सोसते.

एका मार्चमध्ये दुआर्ते आला. पोर्तुगालचा हा मध्यमवयीन गृहस्थ उत्तरेकडे प्रथमच आला होता. कोणाला आपला त्रास होऊ नये म्हणून फार जपणारा. बूट दारातच काढले, पाऊल न वाजवता वावरला. माझ्यातल्या ढलप्या पेटवून, पेटीतली लाकडे जाळून तो सुखाने झोपला. सकाळी त्याने माझी राख झाडली, मला फडक्याने पुसले, काडेपेटी मिटून उंच फळीवर ठेवली. पुढच्या पाहुण्यासाठी टेबलावर बदामाच्या वड्यांचा डबाही ठेवला. इतके लखलखीत मला कोणी केले नव्हते. मी हुरळले, खोटे का बोलू?

दुपारी वादळ उठले. दुआर्ते वाटेतून परतला तो भिजून, थरथरत. फळीवरून काडेपेटी ओढताना ती पडली आणि काड्या जमिनीवर विखुरल्या. त्याला एकही उचलता येईना. तेवढ्यात दार ढकलून एक वृद्ध जोडपे आत आले. रांदी आणि तिचा नवरा टोरलाइव. टोरलाइवची बोटे पांढरी पडली होती.

रांदीने माझे दार उघडले, आत काहीच नव्हते. "काल इथे कोण राहून गेलं?"

"मीच, बाई," दुआर्ते म्हणाला. "सगळं स्वच्छ करून गेलो होतो. वड्यासुद्धा ठेवल्यात."

"वड्या! टोरलाइव, बदामाच्या वडीवर हात शेकतोस का रे?"

"आधी खातो," टोरलाइव दात वाजवत म्हणाला. "मग शेकू."

"हा मस्करी करतोय तोवर ठीक," रांदी हळूच म्हणाली. "गप्प झाला की घाबरायचं."

दुआर्ते माझ्याकडे पाहत होता. "काल शेगडी रचलेली होती. मला वाटलं, कोणीतरी आवरायचं विसरलं."

"विसरलं नव्हतं, बाबा. ते तुझ्यासाठी होतं."

हात क्षणभर काखेत दाबून दुआर्तेने कुऱ्हाड उचलली आणि सरपणाच्या खोपीकडे जाणारा दोर धरून वादळात शिरला.

आत रांदी नवऱ्याचे हात चोळत होती. "बोल ना रे काहीतरी. माझ्या कॉफीला नावं ठेव." टोरलाइवची मान छातीवर कलली होती. बाहेर कुऱ्हाडीचे घाव पडत होते, चुकत होते, पुन्हा पडत होते. त्या वेळी रिकाम्या पोटाची मला जितकी लाज वाटली तितकी गंज चढल्यावरही वाटली नव्हती.

दुआर्ते कवेत मावेल तेवढे लाकूड घेऊन आला. रांदीने साल सोलली, जमिनीवरची एक काडी दोन्ही तळव्यांत धरून काडेपेटीवर ओढली. साल तडतडली. मी तापू लागले. बऱ्याच वेळाने टोरलाइवने डोळे उघडले.

"तुझी कॉफी म्हणजे," तो पुटपुटला, "मोजे धुतलेलं पाणी."

रांदीने तोंड फिरवून डोळे पुसले. दुआर्तेने वड्यांचा डबा उघडला.

वादळ निवल्यावर तिघे निघाले. त्यापूर्वी दुआर्तेने सरपणाची पेटी काठोकाठ भरली, माझ्यात साल आणि ढलप्या रचल्या, काडेपेटीतून एक काडी बाहेर काढून ठेवली. मग त्याने जाड हातमोजे चढवले, डोळे मिटले आणि चाचपडत ती काडी चिमटीत येते का, ते पाहिले. पहिल्यांदा आली नाही. त्याने ती आणखी थोडी बाहेर ओढली.

"आता कोणालाही जमेल," टोरलाइव दारातून म्हणाला.

मित्रांनो, परक्या मुलखात गेलात की तिथला नमस्कार शिका, बूट कुठे काढायचे तेही शिका. पण तुम्ही पोहोचण्याआधी कोणी तुमच्यासाठी काय मांडून ठेवले आहे, तेही नीट पाहा. आणि निघताना तसेच मांडून जा. ते कोणाच्या हाती पडेल, हे तुम्हाला कळणार नाही.

दार ओढून ते गेले. त्या दिवशी कोणी आले नाही. मी थंड होते, पण रिकामी नव्हते.