सरिन्तेनच्या छपरावरचा दिवा

मगरीबची बांग झाली की गावातली दारं पटापट लागत. तिन्हीसांजेला बाहेर राहिलेल्या पोराला भूत धरतं, ही जावा बेटावरच्या आयांची जुनी धास्ती. त्यामुळे तो दिवा दिसायचा फक्त पहारेकऱ्यांना, गावाच्या एकुलत्या एक पहाऱ्याच्या खोपटातून. आज मात्र सगळे पुरुष तिथे दाटीवाटीनं उभे होते. समोर सरिन्तेन सुईणीचं घर आणि नेमका त्याच्या छपरावर पांढराशुभ्र, न लुकलुकणारा ठिपका. रोज तो खाली खाली येत छपरात शिरे. पंधरवड्यात तापानं दोन मुलं गेली होती.

"चालला पोरं खाणारा दिवा मालकिणीकडे!" सब्दो मांत्रिक गरजला. "सात वर्षं ज्वालामुखीच्या धुरात उपाशी बसलोय मी. मला फसवते काय?" सात वर्षांच्या उपासानंतरही बुवांचं पोट पट्ट्यावरून ओघळत होतं. "घर पेटवा. म्हातारी आत असली तरी हरकत नाही."

रॉकेलचा डबा गावप्रमुख विर्योच्या हातात होता. गेलेल्या मुलांतला एक त्याचा.

शाळेतली रेत्नानी बाई गर्दीत घुसली. ती वाट अडवून उभी राहिली.

"विर्योकाका, निम्मे इथंच थांबा, निम्मे माझ्याबरोबर तुमच्या अंगणात चला. मी इशाऱ्याच्या पोकळ बांबूवर ठोका दिला की दोन्हीकडच्यांनी ओरडून सांगायचं, दिवा कुणाच्या घरावर आहे. मग खुशाल पेटवा."

"पहारा सोडाल तर रक्त ओकाल!" मांत्रिक किंचाळला.

"दोनशे पावलांत?" रेत्नानीनं विचारलं. विर्यो डबा घेऊन चालू लागला, मागून निम्मे पुरुष.

अंगणात पोचल्यावर तिनं ठोका दिला. खोपटाकडून आरोळी आली, "सरिन्तेनच्या!"

अंगणातला एकजण पुटपुटला, "आपल्याला तर... सब्दोबुवांच्या घरावर दिसतोय."

"मला भिऊन पळाला तो!" मागोमाग आलेला मांत्रिक म्हणाला.

"पळाला, तर खोपटातल्यांना आत्ता, याच ठोक्याला, म्हातारीच्या घरावर कसा दिसला?" रेत्नानी म्हणाली. "अहो, शुक्राची चांदणी आहे ती. इतकी लांब, की जिथून बघाल तिथून पश्चिमेकडच्या घरावर दिसणार. सूर्यामागोमाग मावळते. पहाऱ्यावरचे रोज एकाच जागेवरून बघत होते."

"मग माझा पोरगा कुणी नेला?" विर्योचा आवाज फाटला.

रेत्नानीला रडू आलं. तिनं त्याच्याच दारातल्या पाण्याच्या रांजणात बॅटरी मारली. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "यांनी, काका. तो ताप या डासांच्या चाव्यानं येतो," ती म्हणाली. मांत्रिक कधी सटकला ते कुणालाच कळलं नाही.

मग विर्यो तसाच सरिन्तेनच्या दाराशी गेला.

"आज्जी, उघड. चूक झाली."

आतून आवाज आला, "तुझी तिन्ही पोरं या हातांनी जगात आणली, विर्यो. बोलावलंस तेव्हा धावत आले. आणि तुला दोनशे पावलं चालून बघता आलं नाही?"

दार उघडलं नाही. डबा हातात धरून तो उभाच राहिला.

बाबांनो, आकाशातली चांदणी कुणाच्याच घरावर नसते. कुणाच्या छपराला काडी लावायच्या आधी जागा बदलून एकदा बघा.