अकरा दिवसांच्या गोळ्या

सात वर्षांच्या मीरिमच्या छातीतल्या गाठीचा तपासणीसाठी सुईनं काढलेला तुकडा वाया गेला होता. बिश्केकच्या इस्पितळातला तरुण डॉक्टर उलान तिच्या खाटेशी उभा राहून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "नुसत्या मेलेल्या पेशी निघाल्यात. गाठ कसली तेच कळेना. हिला आधी कुणी हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या का? त्यांनी गाठीतल्या पेशी मरतात."

"छे हो!" मीरिमची आई बुरुल म्हणाली. "आमच्या एजे असलं काही देत नाहीत. ताकदीच्या गोळ्या दिल्या फक्त. त्यांनीच तर पोरगी उठून बसली." आणि तिनं मोठ्या कौतुकानं मीरिमच्या उशाशी बसलेल्या साबिराकडं पाहिलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साबिराला झालं. नारीनच्या डोंगराळ भागातल्या गावात तीस वर्षं ती एकटीच डॉक्टर. सगळं गाव तिला एजे म्हणे, थोरली बहीण. मीरिमला धाप लागली, तोंड सुजलं, तेव्हा छातीच्या फोटोत मधोमध रुंद सावली दिसली होती. साबिराच्या पिढीच्या डॉक्टरांची एक खोडच होती. पोराच्या छातीत सावली दिसली की लिहून मोकळं व्हायचं, लहानपणची थायमस ग्रंथी मोठी आहे, वाढत्या वयात विरेल. तिनंही डोळे झाकून तेच लिहिलं आणि धाप दम्याची धरली. वर हार्मोनच्या गोळ्या दिल्या. नाव ऐकूनच आया बिचकतात, म्हणून ताकदीच्या आहेत अशी थाप मारली. चार दिवसांत सूज उतरली. बुरुलच्या सासऱ्यानं मेंढा कापला, साबिराला मानाच्या जागी बसवून अंगावर नवा झगा घातला. आणि बाईसाहेब मिरवल्या की हो तोऱ्यात! गोळ्यांनी गाठ तेवढ्यापुरती दबली होती, एवढंच.

"एजे, सांगा ना यांना," बुरुल म्हणाली.

गप्प राहिलं तर गावातला मान राहील, आणि पोरीवर औषधं अंदाजानं चालतील. असं मनात येतंच कसं? साबिराला स्वतःची किळस आली.

"त्या हार्मोनच्याच होत्या," ती म्हणाली. "प्रेडनिसोलोन, रोज तीस मिलिग्रॅम, अकरा दिवस. मी खोटं बोलले, बुरुल."

उलान ओरडला नाही. ओरडला असता तर साबिराला जरा बरं वाटलं असतं. त्यानं तारखा लिहून घेतल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. मानेत नवी गाठ आलीय, ती काढून तपासू. यावर औषधं आहेत," म्हणाला आणि बाहेर गेला.

बुरुलनं पांघरुणाची कड सारखी केली.

"तुम्हाला कधी कळलं, एजे?"

"सूज परत आली, त्या दिवशी संशय आला, हा दमा नाही म्हणून."

"त्याला तीन आठवडे झाले. मी रोज तुमच्या दारात येत होते. तुम्ही म्हणायचात, थांब थोडी."

साबिरानं मीरिमच्या कपाळाकडं हात नेला.

"उठा जरा," बुरुल म्हणाली. "मला तिच्याजवळ बसायचंय."