पेटीवरची लाल फळं

रिम्मा सावेल्येव्नाचे डोळे हल्ली दुपार व्हायच्या आतच दुखायला लागत. व्होल्गाकाठच्या त्या छोट्या गावातल्या संग्रहालयात ती एकतीस वर्षं जुन्या वस्तू साफ करत, जोडत, सांधत आली होती. डिसेंबरात निवृत्त व्हायचं होतं, आणि ते दिवस कधी सरतात असं तिला झालं होतं.

त्यातच संचालक वादिम रोदिओनोविच यांनी ही पेटी तिच्या टेबलावर आणून ठेवली होती. बर्चच्या लाकडाची, पितळी कोपऱ्यांची, लिहायची पेटी. उघडली की आत उतरती पाटी, तिच्यावर विटलेलं हिरवं बनातीचं कापड, कडेला दौतीसाठी खाच. झाकणावर मधोमध लंबगोल चौकट, आणि तिच्यात र्याबिना या रानझाडाच्या लाल फळांचे घोस. चित्र अगदीच गावठी होतं. पानं फावड्याएवढी, फळं एकाला एक चिकटलेली.

पण शहरातून क्ष-किरणांचा फोटो आला, तेव्हा घोसांच्या खाली एक बाई निघाली. डोक्यावर मुकुट, खांद्यावर पट्टा. सम्राज्ञी येकातेरिना. संचालकांची झोपच उडाली.

"नोव्हेंबरच्या प्रदर्शनात ही पाहिजे मला," ते म्हणाले. "ती झाडपानं काढून टाका."

रिम्माने कापसाचा बोळा ओला केला आणि कामाला लागली. वरचा रंग फारच सहज सुटत होता, जुना तैलरंग असा सुटत नाही. तिला जरा नवल वाटलं, पण नवल करत बसायचंही तिला आता जिवावर येई. तीन दिवसांत सम्राज्ञीचं कपाळ आणि एक डोळा उघडा झाला.

चौथ्या दिवशी फाइना येगोरोव्ना आली. ही पेटी तिनेच दिली होती. साठीची बाई, पुलापलीकडचं लाकडी घर पाडणार म्हणून मुलीच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात राहायला निघाली होती. तिथे पेटी ठेवायला जागा नव्हती.

"एकदा बघून जाते," ती दारातूनच म्हणाली. मग जवळ आली आणि थबकली. "ही कोण बघतेय?"

"येकातेरिना. खाली होती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही बाई." फाइना स्टुलावर टेकली. गुडघे चोळत बराच वेळ बघत राहिली. "मग माझ्या वडलांचं चित्र पुसायचं का आता?"

रिम्माने बोळा खाली ठेवला. "तुमच्या वडलांनी काढलं होतं?"

"दुसरं कोण असं वेडंवाकडं काढणार? शाळामास्तर होते. जन्मात एवढं एकच चित्र काढलं त्यांनी. एकोणीसशे तेहेतीसचा हिवाळा. मी सहा वर्षांची. दाराला कडी घालून, खिडकीशी बसून काढलं. आणि त्यावरून आईचं नि त्यांचं जे वाजलं!"

"चित्रावरून?"

"चित्रावरून कशाला, अंड्यांवरून. घरात खायला दाणा नाही, आणि ह्या गृहस्थाने शेजारणीकडून मिळालेली दोन अंडी फोडून पांढरं पेटीवर फासलं. पिवळं आम्हाला दिलं म्हणा. पण आई मरेपर्यंत ते बोलून दाखवायची. 'मास्तरांनी पेटीला अंडी चारली' म्हणायची. वडील कधी उलट बोलले नाहीत."

रिम्माने चष्मा काढून डोळे चोळले. रंग एवढा सहज का सुटतो, ते तिला आता कळलं.

"फाइना येगोरोव्ना," ती हळू म्हणाली, "चित्र काढण्याआधी फासलं ना ते अंडं?"

"आधीच. वाळायला ठेवलं होतं. मी हात लावला म्हणून धपाटा खाल्ला."

"म्हणजे मुद्दाम केलं त्यांनी. अंड्याचा थर मध्ये असला की वरचा रंग खालच्याला चिकटत नाही. कधीतरी काढता यावा म्हणून करतात तसं. त्यांनी राणीला मिटवलं नाही, झाकून ठेवलं. क्रांतीनंतरच्या त्या दिवसांत घरात राणीचं चित्र सापडलं असतं तर तुरुंगच होता."

फाइनाने उरलेल्या फळांवरून बोट फिरवलं. खाली अंगणात कोणी कोळसा ओतत होतं.

"अठ्ठावनला गेले," ती शेवटी म्हणाली. "पंचवीस वर्षं पेटी डोळ्यांसमोर होती. एका शब्दाने बोलले नाहीत. आईला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तिलाही लपवावं लागलं असतं."

"तेही खरंच." तिने रुमाल डोक्यावर ओढून घेतला. "काढ बाई, काढून टाक. त्यांच्याच मनात होतं तर मी कोण अडवणार? फक्त माझ्यासमोर नको."

रिम्मा त्या दिवशी पुढे काम करू शकली नाही. दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली आणि म्हणाली, पेटीशेजारच्या पाटीवर मास्तरांचं नाव आणि अंड्यांची हकीकत लिहायची. ते म्हणाले, लोक राणी बघायला येणार, अंडी नाही. ती म्हणाली, मग डिसेंबरची वाट बघा आणि दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. आवाज चढवायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच ते नमले.

अख्खा चेहरा निघायला तीन आठवडे लागले. मोठी चित्रकारी नव्हतीच ती. जाड हनुवटीची, कंटाळलेली बाई.

प्रदर्शनाला फाइना आली नाही. मग एका रविवारी रिम्मा पाच जिने चढून तिच्याकडे गेली. कामाआधी काढलेला झाकणाचा फोटो तिने मोठा करून आणला होता.

फाइनाने तो उजेडाकडे धरला. "काळीच आलीत की फळं."

"आमच्याकडे रंगीत फिल्म नसते."

"असू दे. मला ठाऊक आहे ना लाल होती ते." तिने फोटो कपाटाच्या काचेला टेकवला आणि किटली ठेवायला आत गेली. "बस. जिने चढून दमली असशील. साखर किती घालू?"

"दोन," रिम्मा म्हणाली, आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.