घोंगडीवाल्याचं माप

मन्सूर टेलरच्या मापाच्या वहीत निम्म्या उमरखेडच्या छात्या आणि कंबरा होत्या. त्यातच एक माप अशा माणसाचं होतं, जो कधी दुकानात आला नव्हता आणि ज्याला कुणी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. छाती बेचाळीस, खांदा अठरा, बाही साडेचोवीस. वर ठसठशीत अक्षरात नाव लिहिलेलं : घोंगडीवाला.

घोंगडीवाला रेडिओत राहत असे. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ‘तिसरं फाटक’ नावाची नाटकमालिका लागायची. तेव्हा, म्हणजे बासष्ट साली, तिला तिसरं वर्ष चालू होतं. रेल्वेच्या फाटकाशेजारी राहणाऱ्या एका देशमुख घराण्याची ती गोष्ट. घरात वाटणीवरून भांडण, थोरला मुलगा परागंदा, सुनेच्या पेटीत कुणाची तरी पत्रं. भांडण हातघाईवर आलं की बाहेर काठीची ठकठक ऐकू यायची, कुणीतरी खोकायचं आणि एक जाड आवाज म्हणायचा, “फाटक उघडं आहे, सांभाळून जा.” घरातलं कुणीतरी म्हणायचं, “घोंगडीवाला आला.” आणि तोवर तो गेलेलाही असायचा. तीन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि तो कोण हे कुणीही सांगत नव्हतं, असं मन्सूरच्या दुकानाचं ठाम मत होतं.

मत ठाम असायला कारण होतं. रेडिओ मन्सूरचा होता. गावात आणखी रेडिओ होते, वकिलांकडे, जिनिंगच्या मॅनेजरकडे, पण तिथे बातम्या लागत. नाटकाचे शौकीन सगळे मन्सूरकडे जमत. त्याच्या गल्लीत अजून विजेचे खांब आले नव्हते, म्हणून रेडिओ बॅटरीवर चाले. ती बॅटरी विटेएवढी असायची आणि थेट यवतमाळहून आणावी लागायची. त्यामुळे मन्सूरने एक कडक नियम केला होता. नाटकाच्या शेवटी आगगाडीची लांब शिटी व्हायची, तिच्यामागून बासरी सुरू व्हायची, आणि बासरीचे दोन सूर होतात न होतात तोच मन्सूर रेडिओचा कान पिळायचा. नाटक संपल्यावर नुसती बासरी ऐकायला बॅटरी कोण जाळणार? आणि खरी मजा तर त्यानंतरच सुरू व्हायची. घोंगडीवाला कोण, यावर तासभर वाद चालायचा, आणि त्याला बॅटरी लागत नसे.

मन्सूरचा सिद्धांत असा, की घोंगडीवाला म्हणजे देशमुखांचा परागंदा झालेला थोरला मुलगा. पुरावे त्याच्या धंद्यातले होते. खोकला खोलातून येतो, म्हणजे छाती बेचाळीसच्या खाली नाही. काठी टेकल्यावर पाऊल पडायला जो वेळ लागतो, त्यावरून उंची. नवव्या भागात देशमुखीण जुनी शेरवानी काढून रडली होती आणि म्हणाली होती, “आता ही कुणाला यायची?” मग शेरवानी ज्याच्या मापाची तोच हा! असं म्हणून मन्सूर वही उघडून दाखवायचा, आणि शिलाईला आलेले लोक आपल्या विजारीचं विचारायचं विसरून माना डोलवायचे. पेशाने शिंपी आणि डोक्याने कोतवाल, असा हा माणूस होता.

दुसरा सिद्धांत रामरावांचा. रामराव कापूस पिकवणारे शेतकरी, मन्सूरपेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि त्याचे वीस वर्षांचे दोस्त. मन्सूरने दुकान काढलं तेव्हा पहिलं कापड त्यांनीच आणून दिलं होतं. ते म्हणायचे, घोंगडीवाला सीआयडीचा माणूस आहे, सुनेच्या पत्रांच्या मागावर आहे. तिसरा सिद्धांत दुकानाच्या पायरीवर भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या शकुबाईचा. ती म्हणायची, “घोंगडी पांघरते म्हंजे थंडी वाजत असन त्याले. दुसरं काय?” तिचा सिद्धांत कुणी मोजतच नसे.

रामरावांचा डावा कान कित्येक वर्षांपूर्वी गेलेला. त्यामुळे ते उजवा कान रेडिओच्या जाळीला जवळजवळ चिकटवूनच बसत. दसऱ्याच्या सुमाराला एका गुरुवारी शिटी झाली, बासरी लागली, मन्सूर जरा उशिराच कान पिळायला गेला. तोच रामराव ओरडले.

“अबे थांब! बंद नको करू. कोणीतरी बोलून राह्यलं.”

“बासरी वाजून राह्यली, रामराव.”

“बासरीच्या मागून. माणूस बोलला. म्या ऐकलं.”

त्या दिवशी वादात रामरावांच्या सीआयडीची सरशी होईल अशी लक्षणं होती, आणि मन्सूर आधीच तडकलेला होता. तो म्हणाला, “कमाल आहे तुमची, रामराव. आहे ते तुम्हाले ऐकू येत नाई, अन् नाई ते बराबर ऐकू येते.”

दुकान खदखदून हसलं. रामरावही थोडे हसले. मग त्यांनी टोपी उचलली, चपला पायात घातल्या आणि ते निघून गेले. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मन्सूरला वाटलं, येतील. दिवाळी झाली, संक्रांत झाली. रामरावांच्या मुलीचं, नलूचं लग्न फाल्गुनात ठरलं. कोटाचं कापड घेऊन, पुडकं काखेत मारून रामराव भर बाजारातून मन्सूरच्या दुकानावरून गेले आणि त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. लोक म्हणाले, कोट पुसदच्या टेलरकडे टाकणार आहेत. त्या दुपारी मन्सूरला जेवण गेलं नाही. ज्या माणसाच्या खांद्याचा उतार आपल्याला डोळे मिटून कापता येतो, त्याच्या मुलीच्या लग्नात तो दुसऱ्याने शिवलेल्या कोटात उभा राहणार, हे त्याला सहन होईना.

मग जाऊन माफी मागायची की नाही? तर नाही. मन्सूरने वेगळंच ठरवलं होतं. घोंगडीवाला थोरला मुलगा निघू दे, एकदा आपलं खरं ठरलं की रामराव आपण होऊन येतील. रुसलेल्या माणसाला आपण बरोबर होतो हे सिद्ध करून परत आणायचं, ही अक्कल त्याने कुठून आणली होती कोण जाणे. पण त्याने वहीत आणखी चार पानं पुरावे लिहिले.

पुढच्याच आठवड्यात बॅटरी बसली. आवाज कुजबुजल्यासारखा यायला लागला. मन्सूर नवी बॅटरी आणायला यवतमाळला निघाला आणि धाकट्या बहिणीकडे, सईदाकडे उतरला. वही सोबत होतीच. सईदाही ‘तिसरं फाटक’ ऐकते हे त्याला ठाऊक होतं, आणि निदान घरात तरी आपला सिद्धांत मान्य व्हावा अशी त्याची इच्छा होती.

दिवस गुरुवारचा. सईदाच्या घरी वीज होती, रेडिओ फळीवर होता. तिची सहा वर्षांची गौहर मामूच्या मांडीवर येऊन बसली. नाटक झालं. घोंगडीवाला खोकला, तेव्हा मन्सूरने “बेचाळीस” असं पुटपुटून घेतलं. शिटी झाली. बासरी लागली. मन्सूर सवयीने उठला आणि त्याचा हात बटणावर गेला.

“काहून बंद करता, भाईजान?” सईदा म्हणाली. “घोंगडीवाला बोलाचा आहे ना अजून.”

मन्सूरचा हात तिथेच राहिला. बासरी हळू झाली, आणि तोच जाड आवाज अगदी मोकळेपणाने बोलायला लागला. मांडीवरून उतरलेली गौहर हात जोडून त्याच्यासोबत म्हणायला लागली, “राम राम मंडळी! मी गंगाराम, तिसऱ्या फाटकाचा चौकीदार. फाटकावर वारा फार, म्हणून ही घोंगडी. तर आज देशमुखांच्या घरी काय झालं, ते तुम्ही ऐकलंच...”

मन्सूर खाली बसला.

“हे आजच सांगितलं काय त्यानं?” त्याने विचारलं.

“आज? दर गुरुवारी सांगते. पहिल्या दिवसापासून. गौहरले पाठ आहे पुरं.” सईदाचं लक्ष वहीकडे गेलं. “अन् हे काय आणलं तुम्ही?”

“मापं आहेत.”

“कोणाची?”

“एका येड्याची,” मन्सूर म्हणाला आणि त्याने वही पिशवीत कोंबली.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी मांडीवर घेऊन तो एसटीत बसला. शेजारी आर्णीचा एक म्हातारा होता. मन्सूरने उगाच चाचपून पाहिलं, “चाचा, ‘तिसरं फाटक’ ऐकता काय?”

“म्हंजे काय! गंगाराम चौकीदाराचं ना?”

म्हणजे आर्णीलाही माहीत होतं. कदाचित साऱ्या मुलखाला माहीत होतं. मन्सूरला आता आठवायला लागलं. मागच्या उन्हाळ्यात पुसदचा एक कापडवाला दुकानात म्हणाला होता, “तो त गंगाराम आहे,” आणि मन्सूरने त्याला सुनावलं होतं की शेठ, तुमचं ऐकणं कच्चं आहे. कापडवाल्याने बिचाऱ्याने त्यावर माफी मागितली होती! मन्सूर एसटीत एकटाच हसला. मग डोक्यावर मारून घेतलं. म्हाताऱ्याने बॅटरीकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि थोडं सरकून बसला.

दिग्रस येईपर्यंत मन्सूरच्या डोक्यात दोन बेत तयार झाले. पहिला, काहीच बोलायचं नाही. बासरी लागली की कान पिळायचा, कोण विचारतो? दुसरा बेत त्याहून सरस. येत्या गुरुवारी गंभीर चेहरा करून म्हणायचं, “मी फेरविचार केला आहे. माझ्या मते घोंगडीवाला हा फाटकाचा चौकीदार असावा.” मग रेडिओ चालू ठेवायचा आणि साऱ्या गावाला थक्क करायचं. हा बेत त्याला इतका आवडला की पुसद यायच्या आत त्याने त्यातली वाक्यंसुद्धा घोटून ठेवली.

पण पुसदच्या स्टँडवर चहा घेताना त्याला समोर एक शिंप्याचं दुकान दिसलं. दारात एक काळा कोट टांगलेला होता. रामरावांचा असेल का? खांदा पाहिला, तो रामरावांचा नव्हता. पण तो आवाज मात्र कानात आलाच : ‘माणूस बोलला. म्या ऐकलं.’ एका कानाच्या माणसाने जे एकदाच ऐकलं, ते दोन धड कानांच्या माणसाने तीन वर्षं स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. वर त्याचंच बहिरा म्हणून हसं केलं होतं. मन्सूरला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की चहा कपात तसाच राहिला.

गुरुवारी संध्याकाळी लोक दुकानात जमले, तर मन्सूर रेडिओ हातगाडीवर चढवत होता. “कुठं निंघाला, मन्सूरभाऊ?” शकुबाईने विचारलं. “रामरावकडे,” तो म्हणाला. पंधरा-वीस माणसं आणि टोपलीसकट शकुबाई अशी वरातच गाडीमागे निघाली. रामराव ओसरीवर बसले होते. ते उठले नाहीत, पण परत जा असंही कुणाला म्हणाले नाहीत. मन्सूरने एरियलची तार अंगणातल्या लिंबावर टाकली, रेडिओ रामरावांच्या उजव्या बाजूला ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

नाटक झालं. वाटणीचं भांडण, काठी, खोकला, फाटक. मग लांब शिटी झाली आणि बासरी लागली. सगळ्यांनी मन्सूरच्या हाताकडे पाहिलं. मन्सूरने दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते.

“बॅटरी चालली ना बे,” रामराव म्हणाले. चार महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

“चालू द्या.”

बासरी हळू झाली. “राम राम मंडळी! मी गंगाराम, तिसऱ्या फाटकाचा चौकीदार. फाटकावर वारा फार, म्हणून ही घोंगडी...”

शेवटी कलाकारांची नावं वाचून होईपर्यंत अंगणात कुणी हललं नाही. मग शकुबाई म्हणाली, “पाहा! थंडीच वाजत होती त्याले. म्या काय सांगत होती?” पण कुणी हसलं नाही. सगळे मन्सूरकडे पाहत होते.

“हे दर गुरुवारी असते,” मन्सूर म्हणाला. “तीन वर्षांपासून. मीच बंद करत होतो. रामराव, तुम्ही बराबर ऐकलं होतं. कान तुमचे चांगले आहेत, अन् मी भर दुकानात तुमचं हसं केलं. चुकलो मी. फार वाईट बोललो.”

रामराव उठून आत गेले. मन्सूरला वाटलं, झालं, संपलं. तो तार काढायला लिंबाकडे वळला, तेवढ्यात रामराव बाहेर आले. काखेत तेच पुडकं होतं. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

“पुसदले गेलतो,” ते म्हणाले. “तो माणूस खांद्यालेच हात लावून राह्यला न् विचारून राह्यला, इकडून उतार काहून आहे? मी म्हटलं, राहू दे बाप्पा. घेऊन आलो वापस.”

मन्सूरने गळ्यातली टेप काढली. त्याला माप पाठ होतं, तरी त्याने ते घेतलं. तो छातीवर टेप आवळत असताना रामराव खालच्या आवाजात म्हणाले, “मन्सूर, एक सांग. तो चौकीदार आहे म्हणते. बरोबर?”

“हाव. चौकीदारच आहे.”

“तो सांगते म्हणून. पण सीआयडीचा माणूस लपून राह्यला असन, त तो दुसरं काय सांगन?”

मन्सूर थांबला. त्याने टेपवरचा आकडा पाहिला, मग रामरावांच्या तोंडाकडे पाहिलं. रामराव अगदी गंभीर होते. जमलेली माणसं उठायला लागली होती, ती पुन्हा खाली बसली.

“हा मुद्दा आहे,” मन्सूर म्हणाला, आणि कानामागची पेन्सिल काढून त्याने वहीचं नवं पान उघडलं.