माझ्या पात्यातली फट

मित्रांनो, मी एक जुनी भातगिरणी आहे, आणि भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक पंगतीची शान माझ्यामुळे आहे. हे वाक्य मी एकोणीस वर्षं रोज मनात म्हणते. मोठ्यानं म्हणायला गेले की लोकांना वाटतं बेअरिंग गेलं, आणि कोणीतरी पाना हाणतं.

टेम्पोतून उत्रोलीला उतरले तेव्हा मालक हनुमंतरावांनी मला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. तोही माझ्याच अंगावर. तेवढाच काय तो सत्कार.

भाताचं साल काढून तांदूळ मोकळा करायचा, हे माझं काम. माझ्या पोटात एक पातं आहे. त्याची फट जुळली की तांदूळ अखंड पडतो, चुकली की कणी. ती फट एका नटानं कमी-जास्त होते. माझी सगळी अब्रू त्या नटावर, आणि तो पिळायला आजवर सात शहाणे येऊन गेले.

सातवा प्रद्युम्न, मालकांचा भोरचा भाचा. यंत्राचा कोर्स केलेला. भात कुठलंही असो, ओलं असो की वाळलेलं, हा मोबाईलमध्ये बघून नट आवळणार. तांदूळ पांढराशुभ्र दिसला पाहिजे म्हणे. माझा जीव गुदमरायचा, पण मला विचारतो कोण?

मालकांनी जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत ज्याच्या हातून कणी कमी पडेल, तोच ऑपरेटर. दुसरी उमेदवार कोमल, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरची. दोन वर्षं माझा कोंडा झाडत होती. हे काम मिळालं नाही तर तिला पुण्यात पॅकिंगला जावं लागणार होतं, आणि मागं आईच्या शेळ्या बघायला कोणी नव्हतं.

तिनंही सुरुवातीला एकदा नट आवळून पायलीभर तांदळाचा चुरा केला होता. फरक एवढाच, की चुरा घेऊन ती जन्मभर भात कांडलेल्या म्हाताऱ्या धोंडाबाईंकडे गेली आणि काय चुकलं ते विचारलं. धोंडाबाईंनी दाणा दाताखाली धरायला शिकवलं. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. मग कोमल रोज मूठभर दाणे घेऊन त्यांच्या दारात. शेवटी म्हातारी वैतागली.

"आगं, इचारून इचारून माजं उरल्यालं दात पाडशील."

तरी दुसऱ्या दिवशी पोरगी हजर. तिचा तो चिवटपणा बघून मलाच थकवा यायचा.

दिवाळीच्या तोंडावर कमळाबाई नातवाच्या बारशासाठी आंबेमोहराची दोन पोती घेऊन आल्या. प्रद्युम्ननं नट आवळला. पहिलं पोतं पिठासारखं बाहेर पडलं. कमळाबाईंनी ओंजळ भरून मालकांच्या नाकासमोर धरली.

"हनुमंतराव, बारशाला पावण्यांना घावनं वाढू का?"

प्रद्युम्ननं दोष भाताला दिला. मालकांनी दोष मला दिला. कोमलनं दुसऱ्या पोत्यातला दाणा चावला. तो दबला.

"मावशी, ह्ये ओलं हाय. मी उद्या दिसभर उन्हात पसरते, मग बघू."

तिसऱ्या दिवशी भात वाळून आलं. वाळलेल्या भाताचं साल हलक्या दाबानंही सुटतं, म्हणून आता नट सैल करायचा होता. मला वाटलं, ही आता भाच्याचा पाणउतारा करणार. तिनं पाना त्याच्याच हातात दिला.

"दादा, नट लई घट्ट हाय, तुमीच सोडा. मी दाणं बघून सांगते कुठं थांबायचं."

तो खूश होऊन नट सोडू लागला. ती म्हणाली तिथं थांबला. मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि तांदूळ मोत्यासारखा अखंड पडला. कमळाबाईंनी तो नुसता हुंगला, आणि मालकांना सांगितलं की यापुढं आमचं भात ह्या पोरीच्याच हातून.

हनुमंतरावांनी चावी कोमलला दिली. मग स्वतःच्या नम्रतेवर पाऊण तास भाषण केलं. प्रद्युम्न आता मोटार सांभाळतो. दाणा कसा चावायचा, हे परवा त्यानं कोमलला हळूच विचारलं. ऐकलंय मी.

तेव्हा मित्रांनो, चुकलं की विचारा, पुन्हा चुकलं की पुन्हा विचारा, आणि ज्याच्या पुढं जायचंय त्याच्या हातातही पाना द्या. यंत्रावर राग काढू नका, वेळेवर तेल घाला. आणि जमलंच तर, कोमलच्या सत्काराचा झेंडूचा हार कोणीतरी माझ्या तोंडावर टांगलाय, तो काढा. तांदळात पाकळ्या पडतात, आणि शिव्या मला बसतात.