माझं = तिचं

शेतकरी आता "मॅडमचं पाणी" म्हणतात.

सहा वर्षं म्हणत होते, निरंजनचं पाणी. केळीच्या ठिबकचे व्हॉल्व्ह ऑफिसातून उघडायचे, बंद व्हायचे. तो प्रोग्रॅम त्यानं सी भाषेत लिहिलेला. बसायचं बुऱ्हाणपुरात, पाणी सोडायचं जसोंडीच्या शेतांत. मग नेपानगरहून अश्विनी आली. तिनं सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहिलं आणि मालक चंदनभाऊ म्हणाले, "बघ निरंजन, किती छोटं झालं!"

छोटं.

ती त्याला सर म्हणते. तेही खुपतं.

आधी सीचं सांगायला हवं. सीमध्ये वस्तूची जागा हातात धरता येते. मेमरीतलं अमुक नंबरचं घर. तो नंबर म्हणजे पॉइंटर. दुसऱ्याच्या वस्तूत हात घालायचा तर नावाआधी * असा तारा काढायचा, उघडपणे. तारा नाही, नुसतं हे = ते लिहिलं, की वेळापत्रकासारख्या वस्तूची अख्खी वेगळी नक्कल होते. नकलेचं काहीही करा. मूळ शाबूत.

मे महिना, दुपार. अश्विनी जेवायला गेलेली. निरंजनला फक्त बघायचं होतं, पाण्याचे तास तिचे बरे की आपले. तिच्या चालू प्रोग्रॅममधून त्यानं उखर्डूदादांच्या शेताचं वेळापत्रक घेतलं.

माझं = तिचं

आणि 'माझं'मधले तिचे तास पुसले. शून्य. शून्य. शून्य. इतकं बरं वाटलं, की आपले तास भरायचे राहिले आणि तो मावा जिलेबी खायला गेला.

परत आला तेव्हा अश्विनीच्या टेबलाशी चंदनभाऊ उभे, फोन चालू होता. स्पीकरवर उखर्डूदादा.

"मॅडम, पाणी येऊनच नाही राह्यलं! उन्हाची लू चालली, केळीचे पत्ते लटकले सारे!"

"शून्य?" अश्विनी स्क्रीनकडे बघत होती. "हे मी कधी टाकलं?"

तिच्या खुर्चीमागे उभ्या निरंजनला कळलं. इथं नक्कल झालीच नव्हती. पायथनमध्ये नाव म्हणजे वस्तू धरायची नुसती मूठ. आतली जागा दिसत नाही, तारा लागत नाही. त्यानं त्याच वस्तूला दुसरी मूठ बसवली होती. पुसलं ते तिचंच.

गप्प बसायचं. बस. चंदनभाऊ आता जुना प्रोग्रॅम लावा म्हणतील.

"भाऊ, माझीच चूक असेल," अश्विनी म्हणाली.

"होतं बेटा. एवढं मोठं काम केलंस, एखादी चूक होणारच," चंदनभाऊ म्हणाले.

बेटा! सहा वर्षांत त्याला कोणी... चूक त्याची, आणि माफी तिला?

"मी केलं!" निरंजन ओरडला. "ती चूक माझी आहे."

"तू?" चंदनभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. "यार, तू तो सीनियर है." आणि फोन उचलून बाहेर गेले, उखर्डूदादांची समजूत काढायला.

अश्विनीनं तास परत भरले. व्हॉल्व्ह उघडले. मग खुर्ची फिरवली.

"सर, तुम्हाला वाटलं कॉपी होईल?"

"सीमध्ये होते."

"खरंच? मी सी कधी शिकलेच नाही. शिकवाल?"

"नाही," निरंजन चटकन म्हणाला.

ऑफिसात सी फक्त त्यालाच येत होतं.