गंजलेल्या नटाची सुटका

मित्रांनो, मी एक जुना नट आहे. नाटकातला नव्हे, मोटारीच्या चाकाच्या मधोमध बसणारा. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक दांडा असतो, त्याला ड्राइव्हशाफ्ट म्हणतात. त्याचं टोक घट्ट धरून ठेवणं, एवढंच माझं काम. कारखान्यात मला आवळलं, ठोकून माझी कड दांड्याच्या खाचेत दाबली आणि वरून टोपण घातलं. त्यानंतर मी कोणाच्या नजरेलाच पडलो नाही.

आमची गाडी ज्या घरी गेली, तिथले बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. गाडीला जिवापाड जपायचे. पण एकदा नातीला शाळेतून आणताना त्यांचा पाय ब्रेकवर वेळेत पडला नाही आणि गाडी भिंतीला धडकली. नातीला खरचटलंसुद्धा नाही. तरी बाबांनी किल्ल्या सुनेच्या हातात ठेवल्या आणि पुन्हा गाडीकडे फिरकले नाहीत.

सून बाळंतपणं करणारी नर्स. दूरदूरच्या वस्त्यांवर तिला जावं लागे. चिखलपाणी टोपणाच्या फटीतून आत शिरत राहिलं आणि मी दांड्यासकट गंजून गेलो. दांडाही झिजला. वळण आलं की चाकातून टकटक ऐकू येई. गाडी कधी दगा देईल याचा नेम नव्हता. अशातच लांबच्या वस्तीवरच्या एका बाईचे दिवस भरत आले. गॅरेजवाला गावाला गेलेला, सुनेचा नवरा परगावी नोकरीला. शेवटी सुनेने नवा दांडा आणला आणि नट सोडवायचे पाने घेऊन अंगणात बसली.

तिने माझी कड सरळ केली, तेल सोडलं, मुरू दिलं. मग पाना लावून ओढलं. मी ढिम्म. खरं सांगतो, मलाही सुटायचंच होतं, पण गंज सोडेना. तिने गाडी जॅकवर उचलली, पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. चाक नुसतं फिरलं आणि गाडी जॅकवर डगमगली. सून झटकन मागे सरली. पायरीवर बसून तिने जरा श्वास घेतला आणि गाडी पुन्हा खाली उतरवली. चाक जमिनीवर हवं आणि आत कोणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा, हे तिला कळलं. नात शाळेत गेलेली, घरात होते फक्त बाबा.

"माझ्या पायाचा भरवसा नाही," ते म्हणाले.

"गाडी बंदच आहे, बाबा. मला फक्त तुमचा पाय हवाय."

 बाबा उठले, चपला काढल्या आणि गाडीत जाऊन बसले.

"मी सांगेन तेव्हाच जोर लावायचा," सून म्हणाली. "मध्येच सोडायचा नाही."

कळा देणाऱ्या बाईशी बोलावं तसा तिचा सूर लागला होता. बाबांना हसू आलं. "अडलंय कोण, मी का गाडी?" ते म्हणाले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

तिने पाइपवर भार टाकला. कडाड्! काहीतरी मोडलं असंच दोघांना वाटलं. पण मोडलं काही नव्हतं, मी फिरलो होतो. इतक्या वर्षांनी अंग मोकळं झालं, काय सांगू!

"सुटला," सून म्हणाली. "बाबा, आता काढा पाय."

पाय मात्र तसाच घट्ट रोवलेला. तिने दार उघडून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी तो उचलला.

संध्याकाळपर्यंत नवा दांडा बसला, नवा नटही. मला सुनेने पुसून घराच्या खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दुपारी वस्तीवरून निरोप आला. सुनेने सोबत येता का विचारलं, आणि बाबा तिची बॅग मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. गाडी कोपऱ्यावर वळली. मी खिडकीतून कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती. दिवेलागणीला दोघं परतले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. बाबा तेच तेच पुन्हा सांगत होते.

मित्रांनो, आम्हा झाकलेल्या नटांना कधीमधी तेलाचं बोट लावत जा. अडून बसलो, तर रागाने ठोकू नका. थोडा दम धरा आणि आत बसायला घरातल्या कोणाला तरी हाक मारा. कोण कधीपासून त्या हाकेची वाट पाहत असेल, सांगता येत नाही.